सव्वीस वर्षांत एकदाही नाही

२ एप्रिल, रविवार

चौसष्ट! मोजल्या मी. वरच्या धक्क्यावर आमच्या पुढे चौसष्ट होड्या. मोसमाचा पहिला दिवस, आणि होडी पाण्यात उतरवायला एक तास दहा मिनिटं. पूर्वी या दिवशी आम्ही चार होडीवाले असायचो, एकमेकांना चहा पाजत बसायचो. आज नुसत्या शिट्ट्या, हवा भरायचे पंप, आणि भोपूच्या राफ्टवरची गाणी. भोपू म्हणजे राफ्टवाला शेठ. तीस केशरी राफ्ट, प्रत्येकीवर एक कर्णा. हे नाव मीच पाडलं. आता सगळी नदी त्याला भोपू म्हणते. पाठीमागे त्याची माणसंसुद्धा!

पण मासे कोणाला लागले? माझ्याच गिऱ्हाइकांना. दोघांना मिळून अकरा. सगळे ओल्या हाताने धरून परत सोडले. पुढच्या-मागच्या सगळ्या होड्यांना मिळून तीन. आम्हा मासेवाल्या होड्यांचा म्होरक्या आहे तो मिशा — त्याच्या मिशा त्याच्याआधी धक्क्यावर पोचतात — तो म्हणाला, "बाई, मासे तुम्हाला विचारून गळाला लागतात का?" म्हटलं, मला नाही, शिंप्याला विचारून.

शिंपी म्हणजे आमचे हे. दिवसा बायकांचे कोट शिवतात, उरलेल्या वेळात गळाला पिसं नि दोरा गुंडाळून खोट्या माश्या बनवतात. अशी माशी की परवा मीच पाटावरून हाकलली! मात्र स्वतः पाण्याला घाबरतात. लग्नाआधीच सांगितलं होतं, "मी काठावरचा माणूस." होडीत आजवर पाऊल नाही. गाडी घेऊन अठरा किलोमीटर खालच्या धक्क्यावर वाट बघत बसतात, हातात सुई.

सव्वीस वर्षं झाली मला ही वल्ही मारायला लागून. एकदाही होडी उलटली नाही. एकही गिऱ्हाईक पाण्यात पडलं नाही. तोंडाने सांगितलं की लोक म्हणतात बाई फुशारकी मारते. मारते! वहीत तरी मारू दे.

९ एप्रिल

आज एकाहत्तर. मोजणं सोडून द्यावं.

१६ एप्रिल, रविवार

लेक दिसली. अंगात भोपूचा केशरी शर्ट.

नऊ वर्षांची होती तेव्हा वल्हं तिच्या हातात मी दिलं. बारा वर्षांची असताना डोळे मिटून सांगायची, इथे खडक आहे, इथे पाणी वळतंय, नुसत्या आवाजावरून. वाटलं होतं, माझ्यानंतर होडी हीच चालवणार. आणि तीन वर्षांपूर्वी गेली भोपूकडे! म्हणाली, "आई, तुझ्या होडीत दोन माणसं बसतात. माझ्यात आठ. नदी काय फक्त मासे धरणाऱ्यांची आहे?" मी ओरडले. तेव्हापासून ती सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, मैत्रिणीबरोबर. येते-जाते. पण आमचं बोलणं यांच्यामार्फत. "बाबा, आईला विचारा भाजी उरलीय का." मी त्याच खोलीत!

तर आज. दाढेपाशी भोपूच्या दोन राफ्ट आडव्या अडकल्या. दाढ म्हणजे नदीच्या मधोमधचा काळा खडक. डावीकडे पाणी उथळ. उजवीकडे जोराचा खळाळ, रुंदी एका होडीपुरतीच. तिथला नियम साधा — खळाळाच्या तोंडाशी जो आधी पोचला तो आधी जाणार. बाकीच्यांनी डावीकडच्या संथ पाण्यात थांबायचं. तो खाली पोचला, त्याने वल्हं वर केलं, की मग पुढचा. हा नियम नवशिक्यांनाही पाठ असतो. आज मागे अकरा होड्यांची रांग, सगळ्यांची तोंडं सुटलेली. लेक दोर घेऊन सरळ दाढेवर चढली. एक शिट्टी. हाताने सगळ्यांना थांबवलं. पहिली राफ्ट ओढली, दुसरी ढकलली, मग एकेक होडी सोडली. आवाज चढवला नाही. वीस मिनिटांत नदी मोकळी. माझा नंबर आला तेव्हा मला पण हात केला तिने, बाकीच्यांना केला तसाच. ओळख ना देख!

मिशा म्हणाला, "पोरगी वाघीण आहे हो." मी म्हटलं, "भोपूची नोकर आहे."

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. मग जेवताना पुन्हा. मग भांडी घासताना पुन्हा. हे म्हणाले, "मला तीनदा सांगितलंस. तिला?"

तिला कशाला? डोक्यावर बसेल.

७ मे, रविवार

आजची बाई होडीत बसताबसता म्हणाली, "तुमचा पेपरातला फोटो बघूनच आलो आम्ही! आमच्या सोसायटीतून सहा गाड्या आल्यात." दोन वर्षांपूर्वीचा तो फोटो. हातात मासा, मागे नदी, आणि माझं हसू कानापर्यंत. कात्रण मीच भिंतीला लावलंय.

गर्दी गर्दी म्हणून बोंब मारायची, आणि बोलावणं आपल्याच फोटोने गेलेलं!

तरी कात्रण काढलं नाही. फोटो चांगला आहे.

२८ मे

नदी कार्यालयाची नोटीस लागली. पुढच्या वर्षापासून दिवसाला तीसच होड्या. कोणत्या तीस, ते जुलैत ठरणार. साहेब सगळ्यांचं ऐकून घेणार आहेत. मिशाने लगेच अर्ज लिहिला — सगळ्या राफ्ट हटवा, नदी मासेवाल्यांना ठेवा. पहिली सही माझी घेतली. मोठी केली. इतकी मोठी की खालच्या दोघांना जागा पुरली नाही.

हे म्हणाले, "राफ्ट हटवल्या तर चिमणी कुठे जाईल?" चिमणी म्हणजे लेक. पाच फूट आठ इंच आहे, पण यांची चिमणी.

म्हटलं, "माझ्या होडीत येईल. येऊ दे की!"

८ जून

घड्याळजींचा फोन — घड्याळवाले, माझं जुनं गिऱ्हाईक. रविवारी येताहेत, नवरा-बायको दोघंही. अकरावं वर्ष. ते पुढच्या फळीवर उभे राहून मासे धरतात, काकू मागे बसून पुस्तक वाचतात. पान भिजलं तर मला रागावतात. माझी आवडती जोडी. या वेळी आवाज जरा उतरला होता त्यांचा. "गुडघे ऐकत नाहीत आता. बहुतेक हे शेवटचं. दाढेखालच्या डोहातला तो मोठा — एकदा तरी हाताला लागू दे, बाई."

म्हटलं, लावते. शब्द दिला.

यांनी खास माशी बांधायला घेतलीय. राखाडी, पोटाला पिवळा दोरा.

११ जून, रविवार

होडी उलटली.

१२ जून

काल पुढे लिहिता आलं नाही.

सगळे जिवंत. हे आधी लिहिते. घड्याळजी, काकू, राफ्टमधली आठ माणसं, लेक. सगळे.

दाढेजवळ झालं. होडी आडवी गेली आणि पालथी झाली. मी वर आले तेव्हा घड्याळजींची टोपी दिसली, टोपीखाली ते. कॉलर धरली. काकूंच्या पुढे वल्हं केलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी असं धरलं की काठावर आल्यावरही सोडेनात. दोघांना मीच काढलं. एकटीने. एकावन्नाव्या वर्षी! घड्याळजींचा चष्मा गेला. काकूंचं पुस्तक गेलं.

मागून येणारी राफ्ट लेकीची होती. ऐन वेळी तिने ती वळवली, नाहीतर आमच्या डोक्यांवरूनच गेली असती. राफ्ट दाढेवर आपटली. लेक उडाली, डावा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला. पाच आठवडे झोळीत हात.

मी बघायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "बाबांना पाठव."

धक्क्यावर मिशा ओरडत होता, "बघा! राफ्टने आज बाईंचा जीव घेतला असता!" सगळे माझ्याकडे बघत होते.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

१४ जून

पेपरात आलं. पहिल्या पानावर. 'राफ्टच्या धडकेत होडी उलटली. होडीवाल्या बाईंनी दोघांना मृत्यूच्या दाढेतून काढलं.' दाढेवर कोटी केलीय, वा! वाण्याने उठून हात जोडले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोटो काढून घेतला.

धडक झालीच नव्हती. राफ्ट आम्हाला लागलीच नाही. पण पेपरात आहे.

संध्याकाळी हे आले. कोट बाजूला ठेवला. म्हणाले, "चिमणीचा परवाना थांबवलाय साहेबांनी. ती स्वतःच गेली होती सकाळी, हात झोळीत घालून. लिहून दिलं — चूक माझी. माझं लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं! तिचं! डोळे मिटून खडक सांगणारी पोर!

१५ जून

खरं लिहिते. इथे कोणी वाचत नाही.

नंबर तिचा होता.

त्या सकाळी भोपूच्या आठ राफ्ट आमच्या पुढे गेल्या होत्या. डोह पार ढवळलेला. मी डावीकडच्या संथ पाण्यात होडी धरून पाव तास थांबले. पाणी निवळायला लागलं. आणि तो मोठा दिसला. पाठ दिसली, शेपूट दिसली. घड्याळजींना पण दिसला. त्यांनी गळ सरसावला. तेवढ्यात वरून केशरी रंग आला. लेकीची राफ्ट, खळाळाच्या तोंडाशी पोचलेली. मी थांबायला हवं होतं. नियम आहे. पण ती आठ माणसं किंचाळत गेली असती की डोह पुन्हा ढवळला असता, आणि घड्याळजींचं शेवटचं वर्ष. आणि मी शब्द दिलेला.

खोटं. शब्दाचं निमित्त. मला वाटलं — मी आहे. सव्वीस वर्षं जमलं, आज जमणार नाही? म्हटलं, "धरा घट्ट," आणि होडी तोंडात घातली. तिच्यापुढे. अर्ध्यात उजवं वल्हं खडकात अडकलं, निघेना, होडी आडवी.

बस. एवढंच. यात राफ्टचा काही दोष नाही. गर्दीचा पण नाही. त्या क्षणी नदीवर दोनच होड्या होत्या. एक माझी, एक माझ्या लेकीची.

१६ जून

आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली.

कालपासून एवढाच विचार. साहेबांसमोर उभी राहून, खांदा दुखत असताना — चूक माझी. आईचं नाव घेतलं नाही. आईचा फोटो पेपरात, आणि ही सायकलच्या दुकानावर बसलीय, परवाना गमावून. धड खोटं पण बोलता येत नाही कार्टीला. लक्ष नव्हतं म्हणे! दुसरं काही सुचलं नाही?

लाज वाटायला हवी मला. वाटतेय. पण त्याच्या वर, त्याहून मोठं, काहीतरी छातीत फुगलंय. ही माझी पोर. असं कोण करतं कोणासाठी?

२४ जून

सुताराने होडी नीट करून दिली. नवी फळी, नवं वल्हं. म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको." दोन गिऱ्हाइकं घेऊन गेले. दाढेच्या आधी हात थांबले. तीन राफ्ट पुढे जाऊ दिल्या. चौथी पण. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, आपला नंबर कधीच आलाय."

२ जुलै, रविवार

होडीवाल्यांनी माझा सत्कार ठेवला. धक्क्याजवळच्या शेडमध्ये पन्नास खुर्च्या, माइक, माझा मोठा केलेला फोटो. मिशा बोलला वीस मिनिटं. "या माउलीने आपला जीव धोक्यात घालून..." घड्याळजींचा संदेश वाचून दाखवला. तुम्ही होता म्हणून आम्ही आहोत. काकूंनी खाली लिहिलं होतं, नवीन पुस्तक घेतलंय, पुढच्या वर्षी त्याच होडीत.

मला बोलायला सांगितलं. म्हटलं, "घसा बसलाय."

टाळ्या! न बोलल्याबद्दल पण टाळ्या.

येताना सायकलच्या दुकानावरून आलो. वर खिडकीत ती उभी होती, एका हाताने केस बांधायचा प्रयत्न करत होती. जमत नव्हतं. मी हात वर केला. ती मागे सरकली.

तिच्या जागी मी असते तर मी पण तोंड बघितलं नसतं.

९ जुलै

मिशा घरी आला. अठरा तारखेच्या सुनावणीसाठी माझं भाषण टाइप करून आणलंय. दीड पान. "राफ्टच्या बेजबाबदारपणाने" असं चार वेळा. म्हणाला, "बाई, तुमच्या एका शब्दावर सगळ्या राफ्ट जातील. नदी पुन्हा आपली."

विचारलं, "आणि माझी लेक?"

मान खाली घातली त्याने. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "तिने कबूलच केलंय हो. आता तिला कोण वाचवणार?"

यांच्या मशीनचा आवाज आतून येत होता, तो थांबला.

१३ जुलै

जेवण जात नाही.

१६ जुलै, रविवार

सकाळी यांना सांगितलं. सगळं. कोटाला बटणं लावत होते. एक बटण, दुसरं, तिसरं. मी बोलत होते आणि हे वर बघेनात. मला वाटलं आता चिडतील. आयुष्यात दोनदाच चिडलेत, दोन्ही वेळा मी घर सोडून धक्क्यावर जाऊन बसले होते.

संपल्यावर म्हणाले, "पाण्यातलं मला काही कळत नाही. तू कुठे वळलीस, कोण आधी होतं, मला चित्रच दिसत नाही डोळ्यासमोर. पण महिनाभर तू जेवत नाहीस आणि ती रडतेय, एवढं मला काठावरून दिसतं."

"ती रडते?"

"रोज. मी गेलो की तोंड धुऊन येते."

विचारलं, काय करू? म्हणाले, "मला विचारू नकोस. मी हो म्हणालो म्हणून गेलीस तर उद्या मलाच बोलशील."

खरं आहे. बोलले असते.

१८ जुलै, मंगळवार

जाऊन आले. सगळं आठवतंय तोवर लिहिते.

नगरपालिकेचा वरचा हॉल. लाकडी बाकं, एक पंखा बंद, एक करकरणारा. एका बाजूला आम्ही मासेवाले, दुसऱ्या बाजूला भोपू आणि त्याची केशरी शर्टवाली सगळी पोरं-पोरी. लेक शेवटच्या बाकावर. झोळी सुटलीय, पण हात पोटाशी धरलेला. साहेबांना सर्दी. दर दोन वाक्यांनी शिंक, नि टेबलावर रुमालांची चळत.

माझं नाव पुकारलं तेव्हा आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "इथे टाळ्या नकोत." मिशाचा कागद माझ्या हातात होता. घडी घालून कमरेला खोचला.

म्हटलं, "साहेब, अकरा जूनला खळाळाच्या तोंडाशी राफ्ट आधी पोचली होती. नंबर तिचा होता. मी तिच्यापुढे होडी घातली. मला दिसत होतं, तरी घातली. राफ्टने धडक दिली नाही. तिने राफ्ट वळवली म्हणून आम्ही तिघं जिवंत आहोत. तिचा खांदा माझ्यामुळे निखळला. तिने तुम्हाला जे लिहून दिलंय ते खोटं आहे. आईसाठी दिलंय."

मिशा उठला. "बाई दमल्यात साहेब, अपघाताचा धक्का —"

"मी दमलेली नाही," मी म्हटलं. आवाज असा लागला की भोपू पण सरळ बसला. "आणि दुसरं. राफ्ट हटवायच्या अर्जावर पहिली सही माझी आहे. ती खोडा. होड्या कमी करा साहेब, जरूर करा. नदीचा जीव घाबरा झालाय. पण दोन्हीकडच्या करा. गर्दीत आम्ही पण आहोत."

साहेबांना शिंक आली. पुसून झाल्यावर म्हणाले, "किती वर्षं परवाना आहे तुमचा?"

"सव्वीस."

"आधी कधी?"

"एकदाही नाही."

म्हणाले, "याचा परिणाम माहीत आहे?"

"साहेब, परिणाम माहीत होता म्हणून तर पाच आठवडे लागले."

मागे कोणीतरी हसलं. मी नाही वळले. परत बाकाकडे जाताना आमच्या बाजूच्या कोणी सरकून जागा दिली नाही. उभीच राहिले. ताठ. फुशारकी म्हणा हवं तर. दोघांना पाण्यातून ओढून काढल्यावर वाटलं नव्हतं एवढं भारी त्या भिंतीपाशी वाटत होतं.

लेक निघून गेली होती. बाक रिकामं.

बाहेर जिन्यात भोपू भेटला. एवढा मोठा माणूस, शर्टाचं बटण चाळवत उभा. शेवटी म्हणाला, "बाई, उद्यापासून दाढेच्या आधी कर्णे बंद ठेवायला सांगतो." मी म्हटलं, "दाढेच्या नंतर पण ठेवा."

१९ जुलै

निकाल आला. माझा परवाना या मोसमापुरता बंद, पुढच्या वर्षी नव्याने परीक्षा. लेकीवरचा हुकूम मागे. सोमवारपासून कामावर जाऊ शकते. तीस होड्यांचं साहेब नंतर ठरवतील, निम्म्या-निम्म्या असं ऐकते.

घड्याळजींना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "मासा मला पण दिसला होता, बाई. मी 'थांबा' म्हणू शकलो असतो." फोन काकूंनी घेतला. "मूर्ख आहात दोघं," म्हणाल्या, आणि परीक्षेची तारीख विचारली.

मिशा बोलत नाही. धक्क्यावर गेले तर तिघांनी पाठ फिरवली. होडी ताडपत्रीखाली. सव्वीस वर्षांत जुलै महिन्यात मी पहिल्यांदा घरात. यांनी मला बटणं लावायला बसवलंय. चार लावली, हे तीन उसवून परत लावतात!

पण जेवले. दोनदा वाढून घेतलं.

२१ जुलै, शुक्रवार

दुपारी लेक आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. या वेळी बाबांमार्फत नाही.

"आई, तू असं का सांगितलंस? मी खोटं बोलले नव्हते."

म्हटलं, "गप. मला माहितेय तू कशासाठी —"

"तुला काही माहीत नाही. माझं लक्ष नव्हतं. खरंच नव्हतं. खळाळाच्या तोंडाशी मी मागे वळून एका बाईचा पट्टा आवळत होते. तो वरच्या धक्क्यावर बघायला हवा होता, मी विसरले होते. तू पुढे घातलीस हे मी बघितलंच नाही. मान वळवली तेव्हा तू आडवी होतीस. वेळेवर बघितलं असतं तर लांबूनच राफ्ट धरली असती. मला वाटलं मी तुला बुडवलं. चाळीस दिवस मला तेच वाटत होतं, आई."

जे खोटं ती बोललीच नव्हती, त्याचा मी पाच आठवडे अभिमान बाळगला! आणि ती तिकडे एकटी.

मग म्हणाली, "आता साहेबांना वाटतंय मी तुला वाचवायला खोटं लिहिलं. सोमवारी ऑफिस उघडलं की जाते. पुन्हा सांगते."

"परवाना परत जाईल."

"जाऊ दे."

"मी येते बरोबर."

ती उठली. उंच आहे, चौकटीला डोकं लागतं.

"नको," म्हणाली. "तू गेलीस तेव्हा कोणाला घेऊन गेली होतीस?"